पहिल्या भागापुरते

यंदाच्या जानेवारीत आमच्या दिवेआगरच्या घरी दोन गोष्टी एकाच वेळी आल्या. अंगणात सुपारी वाळत पडली होती आणि माझ्या पत्नीच्या डाव्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन अलिबागला झाले होते. डॉक्टरांनी तिला धूर आणि पाणी यांपासून लांब राहायला सांगितले होते, आणि तीन आठवडे मोबाइल, टीव्ही, संगणक यांच्या पडद्याकडे बघायचेच नाही असे बजावले होते. पर्यटकांना द्यायच्या दोन्ही खोल्या आम्ही बंद ठेवल्या. मुलगी पनवेलहून दहा दिवसांसाठी घरी आली. तिच्या कंपनीने घरून काम करायची परवानगी दिली होती.

नोकरीखेरीज तिचे आणखी एक काम आहे. जपानी अॅनिमे, म्हणजे हाताने काढलेल्या चित्रांच्या मालिका, वर्षातून चार वेळा, ऋतू बदलावेत तशा, घाऊक प्रमाणात नव्याने सुरू होतात. जानेवारीचा पहिला पंधरवडा त्यातलाच. रोज एकदोन मालिकांचा पहिला भाग येतो. तो पाहून ती एका मराठी संकेतस्थळावर आपले पहिले मत लिहिते: काय दिसले, कसे वाटले, दुसरा भाग पाहण्याची इच्छा झाली की नाही. वाचणारे फार नसतील, पण जे आहेत ते खाली तावातावाने वाद घालतात.

तिचे हे लिखाण मी तीन वर्षे वाचत आलो होतो. सकाळी वाडीत पंप सुरू करून पोफळींना पाणी फिरेपर्यंत बांधावर बसून वाचायचो. तिला हे कधी सांगितले नाही. तिच्या लिखाणाबद्दल काहीही बोलण्याचा हक्क मी स्वतःच्या हाताने घालवलेला होता.

ते कसे झाले, हे आधी सांगायला हवे.

सुपारीच्या हंगामात मी वीसेक वर्षे आमच्या भागातल्या एका खरेदी केंद्रावर प्रतवारीचे काम केले. पोते आले की त्यातल्या सुपाऱ्या अडकित्त्याने कापायच्या, आतले पांढरे-तांबूस जाळे पाहायचे, वास घ्यायचा आणि पोत्याची प्रत ठरवायची. ज्यांनी मला हे काम शिकवले त्यांची रीत अशी होती, की एक सुपारी पोत्याच्या तोंडाशी घ्यायची, एक हात घालून मधली आणि एक तळातली. तिन्ही कापल्याशिवाय बोलायचे नाही. मी पुढे पुढे तोंडाशीच एक कापून प्रत सांगू लागलो. बहुतेक वेळा ती बरोबर निघे. लोक कौतुक करत, आणि कौतुकाने माणूस बिघडतो तसा मी बिघडलो. सुपारीपुरते ते राहिले नाही. माणसे, पुस्तके, सुना, जावई, सगळ्यांची प्रत मी एका कापात सांगू लागलो.

चक्रीवादळाच्या वर्षी मुलगी सतरा वर्षांची होती. वादळाने आमच्या घराची कौले नेली आणि वाडी आडवी केली. चौथ्या दिवशी मागच्या अंगणात तिने चार वह्या वाळत घातलेल्या मला दिसल्या. एकेक पान सुटे करून त्यावर तिने खडे ठेवले होते. वाडीत झाडे तोडायला गडी आले होते, गावातले नातलग मदतीला आले होते, आणि घरातली एक मुलगी पाने उलटत उन्हात बसली होती. मी एक वही उचलली आणि उघडेल ते पान वाचले. कुठल्याशा मालिकेबद्दल होते. तिने लिहिले होते की नायिकेचे केस वाऱ्यावर हलताना पाहिले तेव्हा मनात आले, आपल्यालाही कुणी इतके जपून काढले असते तर. हे वाक्य मी सगळ्यांना ऐकू जाईल असे मोठ्याने वाचले. लोक हसले. चार दिवसांत पहिल्यांदाच कुणी हसत होते, म्हणून मलाही चेव आला. वाडीत झावळ्यांचा ढीग जळत होता. चारही वह्या मी त्यात टाकल्या.

ती रडली नाही, भांडली नाही. उठली आणि आईला भांडी घासू लागायला गेली. त्यानंतर ती माझ्याशी वागण्यात कधीही चुकली नाही. विचारले त्याचे उत्तर देई, आजारपणात फोन करी, दिवाळीला शर्ट आणी. फक्त स्वतःहून काही सांगत नसे. वाडीत मी नवी रोपे लावली, ती माझ्या छातीला लागली, डोक्यावरून गेली. मुलगी मात्र पाहुण्यासारखी येत राहिली आणि पाहुण्यासारखी जात राहिली. या खेपेस ती परत जाण्याआधी तिची क्षमा मागायची, असे मी तिच्या येण्याच्या आदल्या दिवशी मनाशी ठरवले. तिने ती द्यावी अशी अपेक्षा करणे बरोबर नव्हते, हेही स्वतःला बजावून ठेवले. तरी अपेक्षा होतीच.

पहिल्या दिवशी मी बोललो नाही. दुसऱ्याही दिवशी नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेसातच्या सुमारास तिने जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला, शेजारी वही ठेवली आणि हेडफोन कानाला लावला. पत्नी काळा चष्मा घालून, पडद्याकडे पाठ करून आरामखुर्चीत बसली होती. सहा दिवस काहीच न पाहता ती कंटाळली होती. ती म्हणाली की एकटीने कानात काय ऐकतेस, आम्हालाही ऐकू दे. मुलीने आवाज मोकळा केला. जपानीत कुणी तरी किंचाळले.

"काय झालं?" पत्नीने विचारले.

"आई, मी लिहू की तुला सांगत बसू?"

"मग ह्यांना सांगू दे. रिकामेच बसलेत. ह्यांचे डोळे चांगले आहेत."

अशा रीतीने मी त्या टेबलाशी खुर्ची ओढून बसलो. खाली इंग्रजी अक्षरे पळत होती. त्यातली निम्मी मला वाचता येत, उरलेली पळून जात. एक मुलगा उंच मनोऱ्यावर उभा राहून ओरडत होता. मी तसे सांगितले. पत्नीने विचारले, का ओरडतोय. मी म्हणालो, उगाच. काही दम नाही यात.

मुलीने वहीतून मान वर न करता सांगितले, "बाबा, दिसतंय ते सांगा. मत मी लिहीन."

आवाज चढलेला नव्हता. तिने भाग थोडा मागे नेला आणि पुन्हा सुरू केला. मग मी दिसेल तेवढेच सांगू लागलो. मनोरा दगडी आहे. मुलाच्या एका पायात जोडा नाही. खाली गाव आहे, गावात दिवे नाहीत. आता वरून राख पडते आहे. हे सांगता सांगता मला कळले की मुलगा रागाने ओरडत नव्हता, खालच्या लोकांना पळायला सांगत होता. मघाशी मी हे पाहिलेच नव्हते.

त्यानंतर रोज संध्याकाळी हा आमचा नेम झाला. एका मालिकेत एक राक्षस शिंप्याचे दुकान काढतो आणि त्याची नखे लांब असल्यामुळे त्याला सुईत दोरा ओवता येत नाही. पत्नी हसून म्हणाली की मग नखं कापत का नाही मेला. मुलीने ते वाक्य वहीत टिपून घेतले. दुसऱ्या एका मालिकेत निळ्या केसांच्या पाच मुली सारख्याच चेहऱ्याच्या होत्या. मी त्यांना ओळखण्यासाठी वेणीवाली, चष्मेवाली, चिडकी अशी नावे ठेवली आणि भाग संपेपर्यंत वेणीवालीने वेणी सोडल्यामुळे माझा सगळा हिशेब विस्कटला. पत्नीने सुनावले, "तुम्हाला पोरी सांभाळायला दिल्या तर एखादी एसटीतच विसराल." मुलगी हसली. ते हसणे माझ्यावर होते, पण माझ्यासमोर होते, आणि मला ते पुष्कळ वाटले.

मला चांगले सांगताही येऊ लागले. एका भागात खाडीसारख्या पाण्यावर संध्याकाळ होते. मी पत्नीला सांगितले की पाण्याचा रंग आधी आमसुलाच्या सारासारखा आहे, मग त्यात कुणी नारळाचे दूध ओतावे तसा पांढुरका होत जातो. पत्नी म्हणाली, दिसलं. मी मुलीकडे पाहिले. तिचे पेन थांबले होते. लगेच ती लिहू लागली.

एकदा मी धीर करून तिला विचारले की पहिला भाग आवडला नाही तर मालिका सोडून देतेस का. तिने सांगितले की पाहणाऱ्या मंडळींत एक अलिखित रीत आहे, तीन भाग झाल्याशिवाय सोडायचे नाही. म्हणून ती आपल्या लेखात मालिका वाईट आहे असे कधी लिहीत नाही. पहिल्या भागापुरते असे वाटले, एवढेच लिहिते. मी मान डोलावली आणि पाणी प्यायच्या निमित्ताने आत गेलो.

आठव्या दिवशी मासळीबाजाराची मालिका आली.

जपानातल्या कुठल्याशा बंदरात पहाटेचा बाजार. ओल्या फरशीवर ओळीने माशांची धुडे पडलेली, आपल्या कुप्याच्या, म्हणजे ट्यूना माशाच्या जातीची, पण माणसाएवढी. प्रत्येकाची शेपटी कापून टाकलेली. पारख करणारे लोक हातात बॅटरी घेऊन त्या कापावर वाकतात, आतल्या मांसाचा रंग पाहतात, चिमूटभर मांस बोटांत चोळतात आणि सबंध माशाची किंमत मनाशी ठरवतात. मी हे पत्नीला सांगू लागलो आणि माझा आवाज मला वेगळा ऐकू येऊ लागला.

"म्हणजे तुमच्यासारखंच की," पत्नी म्हणाली.

मी हो म्हणालो आणि पुढे सांगत राहिलो. नायिका एकोणीस-वीस वर्षांची, एका म्हाताऱ्या पारख्याच्या हाताखाली शिकणारी. हुशार आहे आणि आपण हुशार आहोत हे तिला ठाऊक आहे. एका माशाच्या शेपटीवर ती क्षणभर बॅटरी मारते आणि चार लोकांसमोर म्हणते की हा फिका आहे, हा नको. मासा आणणारा कोळी बाजूलाच उभा असतो. तो डोक्यावरची टोपी काढतो आणि पुन्हा घालतो. म्हातारा तो मासा स्वतः विकत घेतो, हातगाडीवर घालतो आणि तिला गाडी ढकलायला लावतो. दुकानात म्हातारा तो मासा उभा कापतो, शेपटीपासून डोक्यापर्यंत.

इथे मी थांबलो.

पडद्यावर माशाचे पोट उघडले होते आणि आतून गडद, दाट लाल रंग दिसत होता. माझ्या मुलीच्या चेहऱ्यावर तो उजेड पडला होता. म्हाताऱ्याने एक तुकडा कापून नायिकेच्या हातावर ठेवला आणि एक शब्द न बोलता तो आत निघून गेला. ती तो तुकडा हातात धरून उभी राहिली. तिथे भाग संपला आणि गाणे सुरू झाले.

"अहो, गप्प का झालात? कसा निघाला मासा?"

"चांगला निघाला," मी म्हणालो. "फार चांगला निघाला."

माझ्या आवाजावरून पत्नीने काय ओळखले कोण जाणे. मुलीने लॅपटॉप मिटला. त्या दिवशी तिने लेख लिहिला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघे अंगणात सुपारी फिरवत होतो. वाळत घातलेली सुपारी रोज वरखाली करावी लागते, नाहीतर खालची बाजू ओली राहून काळी पडते. ती एका टोकाकडून फिरवत येत होती, मी दुसऱ्या टोकाकडून. वाक्ये मी सहा वर्षे जुळवली होती, आणि ऐन वेळी त्यातले एकही आठवले नाही.

"त्या वह्या मी जाळायला नको होत्या," मी म्हणालो. "आणि ते पान सगळ्यांसमोर वाचायला तर नकोच होतं. मी चुकलो. मला क्षमा कर."

तिचे हात चालू राहिले.

"त्यातलं निम्मं वाईटच लिहिलं होतं बाबा," ती म्हणाली. "पण ते मी ठरवायचं होतं. मोठी झाल्यावर मीच वाचून हसले असते."

"हो."

"मला हसायला तुम्ही काही ठेवलंच नाही."

मी पुढच्या दोन सुपाऱ्या उलटल्या.

"एवढी वर्षं का लागली?" तिने विचारले.

मी खरे तेच सांगायचे ठरवले. "आधी वाटायचं, तू विसरली असशील. मग वाटायला लागलं, मी आठवण काढली तर तू घरी यायची बंद होशील."

"मी यायची बंदच झाले होते की. फक्त तुम्हाला दिसत होते तेवढंच."

तिच्या डोळ्यांत पाणी होते, आवाजात नव्हते. मी तिच्याजवळ जावे की नाही हे मला कळेना. सुपारी आम्हा दोघांच्या मध्ये पसरलेली होती आणि तिच्यावर पाय देणे मला लहानपणापासून जमत नाही, म्हणून मी कडेने वळसा घालून गेलो. तोवर ती उठली होती. आईचे औषध घालायची वेळ झाली, असे म्हणून आत गेली. क्षमा केली असे ती म्हणाली नाही. मी राहिलेली सुपारी फिरवून पूर्ण केली. मन हलके झाले असे लिहिले तर ते खोटे होईल. मला भीती वाटत होती. पण निदान इतक्या वर्षांत प्रथमच ती भीती मुलीपासून लपवावी लागत नव्हती.

दुपारभर ती तिच्या खोलीत होती. संध्याकाळी चहा झाल्यावर ती लॅपटॉप घेऊन आली आणि तो माझ्यापुढे ठेवला. पडद्यावर मासळीबाजाराच्या मालिकेवरचा लेख होता, अजून प्रसिद्ध न केलेला.

"पूर्ण वाचा," ती म्हणाली. "मध्ये बोलायचं नाही."

मी वाचला. दोन वेळा वाचला. बाजारातला गारठा, बॅटरीचा पिवळा गोल, टोपी काढून पुन्हा घालणारा कोळी, सगळे तिने टिपले होते. शेवटी तिने लिहिले होते की म्हातारा निर्दय आहे. तो शिकवत नाही, नुसती लाज आणतो, आणि काही न बोलता निघून जाणे हा मोठ्या माणसांचा सोयीचा मार्ग असतो. हे वाक्य कुणासाठी आहे ते मला समजले. ते मी शांतपणे घेतले, कारण ते खरे होते. पण मालिकेतल्या म्हाताऱ्याबद्दल ते खरे होते असे मला वाटेना. मग मी पेचात पडलो. छान आहे म्हणून मोकळे होणे सोपे होते. पण ती माझ्याकडे कौतुक मागायला आली नव्हती.

"कसं आहे?"

"चांगलं आहे. एक गोष्ट पटली नाही. सांगू?"

"सांगा ना."

मी म्हणालो की मला तो निर्दय वाटला नाही. त्याने तुकडा तिच्या हातावर ठेवला तेव्हा दोन्ही हातांनी ठेवला, फार जपून. त्यानेही कधी तरी एखादा मासा असाच नाकारला असावा आणि त्याला ते सांगता येत नसावे.

"हे भागात कुठेच नाहीये," ती म्हणाली.

"दोन्ही हात आहेत."

तिने भाग काढला, शेवटची दोन मिनिटे लावली, चित्र थांबवले. दोन्ही हात होते. ती क्षणभर पाहत राहिली आणि म्हणाली, "तिकडे सगळेच दोन्ही हातांनी देतात बाबा. दुकानात सुट्टे पैसेसुद्धा. पद्धतच आहे ती."

हे मला माहीत नव्हते. मी कबूल केले. तरी चेहऱ्यावरून वाटते, असे म्हणालो. ती म्हणाली की चेहरा अर्धा अंधारात आहे. पत्नीने खुर्चीतून विचारले की म्हाताऱ्याला बायको दाखवली आहे का. नाही म्हटल्यावर तिने निर्णय दिला की मग त्याला कुणी बोलायला शिकवलेच नसेल, त्याचा काय दोष. यावर आम्ही तिघे अर्धा तास भांडलो. मुलगी मुद्दे मांडताना तर्जनी टेबलावर आपटते, हे मला तेव्हा कळले. माझ्याशी वाद घालताना ती कशी दिसते, हे मी तिच्या बालपणानंतर पाहिलेच नव्हते.

शेवटी तिने लॅपटॉप आपल्याकडे ओढला. निर्दय हा शब्द तिने तसाच ठेवला. त्याखाली एक वाक्य वाढवले आणि पडदा माझ्याकडे फिरवला: हा भाग मी वडिलांसोबत पाहिला, म्हाताऱ्याबद्दल त्यांचे मत वेगळे आहे, ते मला अजून पटलेले नाही, पण दुसरा भाग मी ते डोक्यात ठेवून पाहीन.

"चालेल?" तिने विचारले.

मी चालेल म्हणालो. तिने लेख प्रसिद्ध केला आणि ताटे घ्यायला उठली. आम्ही जेवायला बसलो. परवा ती पनवेलला परत जाणार होती. भात वाढताना तिने सांगितले की दुसरा भाग पुढच्या गुरुवारी येईल, ती तिथून आठ वाजता फोन करील, म्हणजे दोन्हीकडे एकदमच सुरू करता येईल.

"एकट्याने आधी बघून ठेवू नका," ती म्हणाली. "आणि आईला सगळं नीट सांगा. मी ऐकत असेन."